घड्याळ बंद पडले, आणि कोणीच ओरडले नाही

श्रीहरिकोट्याहून एखादे यान उडाले की त्या दिवशी आपण सारे विज्ञानप्रेमी अभिमानाने लिहितो. मीही लिहितो आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. परंतु जुलै २०२५ मध्ये सरकारने संसदेत 'नाविक' या आपल्या स्वदेशी स्थाननिर्देशन प्रणालीविषयी एक उत्तर दिले, त्यावर मात्र आपल्यापैकी फारसे कोणी लिहिले नाही. उत्तर थोडक्यात असे होते : या मालिकेत आजवर अकरा उपग्रह सोडले. त्यांपैकी चार स्थाननिश्चितीची सेवा देतात. चार केवळ एकेरी संदेश प्रसारित करण्यासाठी वापरले जातात. एक सेवानिवृत्त झाला. दोन अपेक्षित कक्षेत पोहोचू शकले नाहीत.

अकरापैकी चार. हा आकडा विज्ञानाच्या विद्यार्थ्याने क्षणभर थांबून पाहावा असा आहे, कारण चार ही या शास्त्रातली किमान मर्यादा आहे. जमिनीवरच्या ग्राहकयंत्राला चार गोष्टी ठाऊक नसतात : अवकाशातील आपले तीन सहनिर्देशक आणि आपल्या स्वस्त घड्याळातील चूक. चार अज्ञातांसाठी चार समीकरणे लागतात, म्हणून चार उपग्रह लागतात. पाचवा असेल तर एखादा उपग्रह चुकीची माहिती देतो आहे हे निदान लक्षात येते. तो नेमका कोणता हे ओळखून बाजूला काढायचे तर सहावा लागतो. चारच असतील तर उत्तर मिळते, पण ते बरोबर आहे की नाही हे त्याच उत्तरावरून पडताळता येत नाही. ज्या प्रणालीवर विमाने, जहाजे आणि सैन्य विसंबावे अशी आपली इच्छा आहे, ती जुलै २०२५ मध्ये या काठावर उभी होती. शिवाय त्या चारांतील एक, आयआरएनएसएस-१बी, एप्रिल २०१४ मध्ये सोडलेला आहे. दहा वर्षांचे नियोजित आयुष्य तो केव्हाच ओलांडून बसला आहे.

माझे म्हणणे पहिल्यानेच स्पष्ट मांडतो. नाविकची ही अवस्था शास्त्रज्ञांच्या अकौशल्यामुळे झालेली नाही आणि केवळ दुर्दैवानेही झालेली नाही. ती आपल्या व्यवस्थापनाच्या एका जुन्या सवयीमुळे झाली आहे. आपण तंत्रज्ञानाचा सरकारी प्रकल्प उभारतो तो 'अभियान' म्हणून, आणि मग त्याच्याकडून अपेक्षा करतो 'सेवे'ची. अभियानाला उद्घाटनाचा दिवस असतो. सेवेला रोज सकाळी हजेरी द्यावी लागते. ही हजेरी घेणारा कोणी नसेल तर सेवा हळूहळू मरते आणि तिच्या मरणाची बातमीही होत नाही.

या प्रकरणाचा घटनाक्रम पाहू. स्वतःची प्रणाली हवी, या विचारामागे सबळ कारण होते. मे २००० पर्यंत अमेरिका जीपीएसच्या नागरी संकेतांत जाणीवपूर्वक चूक मिसळत असे. ज्याच्या हाती संकेत, त्याच्या हाती तो बिघडवण्याची कळ, हे साऱ्या जगाला दिसत होते. २००६ मध्ये आपल्या सरकारने सुमारे चौदाशे कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मान्यता दिली. १ जुलै २०१३ रोजी पहिला उपग्रह गेला, एप्रिल २०१६ मध्ये सातवा गेला, आणि त्याच वेळी प्रणालीचे 'नाविक' असे समारंभपूर्वक नामकरण झाले. वर्ष उलटण्याच्या आत पहिल्या उपग्रहातील तिन्ही रुबिडियम अणुघड्याळे बंद पडल्याचे जाहीर झाले.

अणुघड्याळ बंद पडणे म्हणजे काय, हे एका गुणाकारात समजते. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे तीस सेंटिमीटर जातो. घड्याळ एक मायक्रोसेकंद चुकले तर अंतर तीनशे मीटरने चुकते. अणुघड्याळाविना असा उपग्रह संदेश पाठवू शकतो, पण 'तुम्ही कुठे आहात' हे विश्वासाने सांगू शकत नाही. संसदेच्या उत्तरातील 'केवळ संदेश प्रसारण' या शब्दांचा अर्थ हा आहे.

बदली उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्ये सोडला. अग्निबाणाचे उष्णतारोधक कवच उघडले नाही आणि उपग्रह आतच अडकून राहिला. एप्रिल २०१८ मध्ये दुसरा बदली उपग्रह, आयआरएनएसएस-१आय, यशस्वीपणे गेला. त्यानंतरचा उपग्रह गेला २९ मे २०२३ रोजी.

मधली पाच वर्षे पुन्हा एकदा पाहा. एप्रिल २०१८ ते मे २०२३. घड्याळे बंद पडत असल्याचे ठाऊक होते, उपग्रहांची वये ठाऊक होती, आणि या सबंध काळात या मालिकेतला एकही उपग्रह अवकाशात गेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये गेलेला एनव्हीएस-०२ कक्षा उंचावू शकला नाही. त्याच्या इंजिनाला ऑक्सिडीकारक पोहोचवणाऱ्या झडपा उघडल्या नाहीत. तो अपघात होता, आणि अपघात कोणालाही होतात. पाच वर्षांच्या रिकाम्या जागेला मात्र अपघात म्हणता येणार नाही. त्या पाच वर्षांत हाताशी एक-दोन सज्ज उपग्रह ठेवले असते, तर एका झडपेवर सबंध प्रणालीचे भवितव्य टांगले गेले नसते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : घड्याळे परदेशी होती, दोष त्यांचा. हे अर्धसत्य आहे. युरोपच्या गॅलिलिओ प्रणालीत त्याच स्विस उत्पादकाची घड्याळे होती. जानेवारी २०१७ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेने जाहीर केले की कक्षेतील अठरा उपग्रहांवरची नऊ घड्याळे बंद पडली आहेत. म्हणजे दुखणे एकच, रुग्ण दोन. फरक पुढे पडला. त्यांच्या प्रत्येक उपग्रहात चार घड्याळे होती आणि नवे उपग्रह कारखान्यात रांगेत उभे होते. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी चार सोडले, जुलै २०१८ मध्ये आणखी चार. त्यांच्याकडे पैसा अधिक होता, हे खरे. पण त्यांनी आरंभापासून उपग्रह संख्येने मागवले होते, कारण ते मरणार आहेत हे त्यांनी गृहीत धरले होते. जीपीएसची मूळ आखणी चोवीस उपग्रहांची आहे आणि प्रत्यक्षात तीसच्या आसपास चालते ठेवले जातात, तेही याच हिशेबाने. आपण सात जागांसाठी सात उपग्रह कक्षेत ठेवले आणि सातही जगतील असे धरून चाललो.

शिवाय स्वदेशी रुबिडियम घड्याळ आपल्याच शास्त्रज्ञांनी बनवले आणि ते एनव्हीएस-०१ वर गेले. ही गोष्ट खरोखर मोठी आहे. जगातल्या मोजक्याच देशांना हे जमते. म्हणजे बुद्धीची उणीव कुठेच नव्हती. मग हे घड्याळ अवकाशात जायला २०२३ का उजाडावे लागले, हा प्रश्न प्रयोगशाळेतल्या माणसाला विचारण्याचा नाही. तो वेळापत्रक आखणाऱ्याला आणि निधीची संचिका हलवणाऱ्याला विचारण्याचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक भावनिक असतो : विज्ञानात अपयश येतेच, टीका करून शास्त्रज्ञांचे मनोधैर्य खच्ची करू नका. अपयश येते, हे मी कोणाकडून शिकायला नको. माझ्या प्रबंधाची दोन वर्षे अपयशातच गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा अवतरक कोसळला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच संस्थेने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ यान अलगद उतरवले. अपयशातून शिकण्याची ताकद या संस्थेत आहे याचा यापेक्षा मोठा पुरावा नको. पण मग हाच प्रश्न अधिक टोकदार होतो. तीच संस्था, तेच मनुष्यबळ, तोच काळ, तरी चंद्र जमला आणि घड्याळ का मागे पडले? चंद्रावर उतरण्याच्या क्षणाकडे सारा देश डोळे लावून बसला होता. नाविकच्या पाचव्या उपग्रहातील घड्याळाकडे कोण पाहत होते?

हे नुसते तर्कट वाटू नये म्हणून आपल्याच देशातले दुसरे उदाहरण घ्या. हवामानाचे उपग्रहही हीच संस्था बनवते. इन्सॅट-३डी २०१३ मध्ये गेला, ३डीआर २०१६ मध्ये, ३डीएस फेब्रुवारी २०२४ मध्ये. या शेवटच्या उपग्रहाचा सारा खर्च पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने उचलला. म्हणजे बनवणारा एक, आणि पैसे मोजून वापरणारा दुसरा. हवामान खात्याला रोज अंदाज द्यावा लागतो. चित्र आले नाही तर त्याच सकाळी दूरध्वनी खणखणतो. ऑक्टोबर १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. मे २०१९ मध्ये 'फणी' आले तेव्हा त्याच राज्याने बारा लाखांहून अधिक लोक आधीच सुरक्षित जागी हलवले आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. या बदलामागे उपग्रह आहेत, रडार आहेत, निवारे आहेत, गावोगावचे कार्यकर्ते आहेत. पण सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रोज विचारणारा आणि चुकले तर जाब मागणारा एक वापरकर्ता आहे.

नाविकला असा धनी नाही. उपग्रह बनवणारा, सोडणारा, चालवणारा, तपासणारा आणि त्याविषयी देशाला माहिती देणारा, सारे एकाच विभागात बसतात. वापरकर्ता मात्र शेवटी आठवला. पहिल्या पिढीच्या उपग्रहांत मोबाइलमध्ये सर्रास वापरला जाणारा एल-१ पट्टा नव्हता. तो एनव्हीएस मालिकेत, म्हणजे पहिल्या प्रक्षेपणानंतर दहा वर्षांनी आला. मोबाइलच्या मोठ्या चिप-उत्पादकाने नाविक घेणाऱ्या चिप जाहीर केल्या त्या जानेवारी २०२० मध्ये. व्यावसायिक वाहनांच्या मागोवा-यंत्रांत नाविकची सोय बंधनकारक झाली ती एप्रिल २०१९ पासून. तोवर अवकाशातील कित्येक घड्याळे बंद पडलेली होती. याला आपल्याकडे वरातीमागून घोडे म्हणतात.

उलटे उदाहरण यूपीआयचे. त्याविषयी आक्षेप असतील, पण ते अर्धा तास बंद पडले तर भाजीवाल्यापासून बँकेच्या अध्यक्षापर्यंत सगळे एका सुरात ओरडतात. तो आरडाओरडा हीच त्या प्रणालीची देखभाल-यंत्रणा आहे. नाविकचे घड्याळ बंद पडले त्या दिवशी तुमच्या-माझ्या हातातला फोन निमूटपणे दुसऱ्या देशाच्या उपग्रहांकडे वळला. किंबहुना तो आधीपासून तिकडेच वळलेला होता. म्हणून आपल्याला काही कळलेच नाही.

हा रोग केवळ अवकाशातला आहे असे समजू नका. डॉक्टरेट करत असताना आमच्या प्रयोगशाळेत अतिशीत तापमानाचे एक यंत्र मोठ्या अनुदानातून आले. फीत कापली गेली, दारावर पाटी लागली. अशा यंत्राच्या कॉम्प्रेसरमध्ये हेलियममधले तेलाचे अंश शोषून घेणारा एक भाग असतो. तो ठरावीक तासांनी बदलावाच लागतो, हे यंत्राच्या पुस्तिकेत पहिल्या दिवसापासून छापलेले असते. तो दिवस आला तेव्हा कळले की यंत्र 'भांडवली' लेखाशीर्षातून घेतले होते, सुटा भाग 'आवर्ती' शीर्षातून घ्यावा लागणार होता, आणि आवर्ती शीर्षात काहीच शिल्लक नव्हते. नवे यंत्र मागितले असते तर कदाचित मिळाले असते. जुन्याचा भाग मात्र मिळेना. चौदा महिने ते यंत्र चादर पांघरून उभे होते. माझ्या मागच्या तुकडीतल्या एका विद्यार्थिनीने तेवढ्यात आपला विषयच बदलला. या चौदा महिन्यांत कोणी भ्रष्टाचार केला नाही, कोणी आळसही केला नाही. प्रत्येकाने नियमानुसारच काम केले. म्हणूनच ती गोष्ट मला अधिक भयंकर वाटते. नियमात खरेदी होती, पण जपणूक नव्हती.

विकसनशील देशांत हे वारंवार दिसते, कारण आपल्या अंदाजपत्रकात नवी वस्तू दिसते आणि जुनीची निगा दिसत नाही. व्हेनेझुएलाने २००८ मध्ये चीनकडून बांधून घेतलेला आपला पहिला उपग्रह सोडला. मार्च २०२० मध्ये तो निकामी झाला, नियोजित पंधरा वर्षे पुरी होण्याआधीच, आणि त्याच्या जागी ठेवायला दुसरा नव्हता. नायजेरियाचा दळणवळण उपग्रह मे २००७ मध्ये गेला आणि नोव्हेंबर २००८ मध्येच वीजपुरवठा बिघडून बंद पडला. तिथे मात्र विमा उतरवलेला होता. डिसेंबर २०११ मध्ये बदली उपग्रह देशाला वेगळा खर्च न करता मिळाला. नायजेरिया आपल्याहून श्रीमंत नाही. 'हे मोडेल, तेव्हा काय करायचे?' हा प्रश्न तिथे कोणीतरी करारावर सही करण्यापूर्वी विचारला होता, इतकेच.

आणि म्हणून तिसरा आक्षेप, 'आपण गरीब देश, कमी पैशांत करावे लागते', मला मान्य नाही. मंगळयान सुमारे ४५० कोटींत झाले याचा अभिमान रास्त आहे, कारण ते एकदाच जायचे होते. काटकसर एका फेरीला शोभते. सेवेत सुटे भाग वाचवणे ही काटकसर नव्हे, ती उधारी आहे, आणि तिचे व्याज पुढच्या पिढीचे शास्त्रज्ञ फेडतात. गरिबालाच तर मोडलेली वस्तू परवडत नाही. दोन उपग्रह कक्षेत न पोहोचल्याने गेलेले पैसे, चार उपग्रहांची गमावलेली क्षमता आणि गेलेली वर्षे यांची बेरीज कोणी मांडली, तर सज्ज बदली उपग्रह ठेवण्याचा खर्च महाग वाटणार नाही.

मग मागायचे काय? माझ्या मते चार गोष्टी, आणि यांतल्या एकीसाठीही नवा शोध लागत नाही. पहिली, कोणत्याही मोठ्या तंत्रज्ञान-प्रकल्पाला मान्यता देताना बनवणाऱ्याहून वेगळा असा एक वापरकर्ता विभाग आणि त्याचा स्वतःचा निधी नावानिशी ठरलेला असावा. दुसरी, मान्यतेच्या त्याच कागदावर पंधरा वर्षांच्या देखभालीचा आणि बदलीचा खर्च लिहिलेला असावा, आणि तो नसेल तर प्रकल्प अपूर्ण समजून परत पाठवावा. तिसरी, सेवेची सद्यस्थिती नियमितपणे आणि सर्वांना दिसेल अशी जाहीर व्हावी. जीपीएसचा कोणता उपग्रह कधी सेवेबाहेर आहे याची सूचना जगात कोणालाही वाचता येते. आपल्याकडे चार की पाच हे कळायला खासदाराने प्रश्न विचारावा लागतो. चौथी, अपयशाची चौकशी बाहेरच्या माणसांनी करावी आणि अहवाल प्रसिद्ध व्हावा. जुलै २०१९ मध्ये गॅलिलिओची सेवा जवळजवळ आठवडाभर बंद पडली, तेव्हा युरोपीय आयोगाने स्वतंत्र चौकशी मंडळ नेमले. नाचक्की त्यांचीही झाली. पण त्यामुळे गॅलिलिओ वापरणाऱ्याचा विश्वास उरला.

विद्यार्थी मित्रांना शेवटी एवढेच सांगायचे आहे. तुमच्यापैकी काही जण उद्या या संस्थांत जाल, काही जण निधी वाटणाऱ्या समित्यांवर बसाल. तिथे तुमच्यासमोर नव्या प्रकल्पाचे सुंदर सादरीकरण होईल. नव्याचे नऊ दिवस कसे असतील हे त्यात रंगवलेले असेल. तुम्ही दहाव्या दिवसाविषयी विचारा. हे बंद पडल्याचे सर्वांत आधी कोणाला कळेल, त्याच्या हातात सुटा भाग असेल का, आणि तो कोणत्या लेखाशीर्षातून येईल, असे विचारा. सभेत थोडी शांतता पसरेल, कदाचित कोणी नाराजही होईल. पण हा प्रश्न २००६ मध्ये कोणी आग्रहाने लावून धरला असता, तर २०२५ मध्ये आपल्याला बोटांवर चार उपग्रह मोजावे लागले नसते.

पुढचे प्रक्षेपण होईल तेव्हा मीही टाळ्या वाजवीन. त्यानंतर एक वर्षाने त्या उपग्रहातली किती घड्याळे चालू आहेत हेही विचारीन. तुम्हीही विचारा.